मामाजींच्या गाडीचे कागद

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या मोठ्या मामांचे. आईचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. देवरीच्या अलीकडे, हायवेला लागून त्यांचं घर आहे. जन्मभर त्यांनी ट्रक चालवला, आणि तोही नेहमी दुसऱ्याच्या मालकीचा.

आमच्या भागात भाच्याला फार मान असतो. मामा वयाने कितीही मोठा असला तरी तो भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला द्यायचं असतं, भाच्याकडून घ्यायचं नसतं. मामाजी मला "तू" म्हणतात, पण हाक मारतात "भाचेबुवा", आणि भेटल्याबरोबर आधी वाकतात. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. कॉलेजच्या फाटकासमोर, चारचौघांत, ग्रीस लागलेल्या कपड्यांतला पन्नाशीचा माणूस माझ्या पायांना हात लावायचा, तेव्हा मात्र मला कुठे पाहावं ते कळायचं नाही. ही रीत सुरुवातीलाच सांगितली, कारण पुढे सगळं अडलं ते तिच्यापाशीच.

माझी शाळा केशोरीची. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बारावी झाल्यावर बाबा म्हणाले, "आता रोवणीले लाग." रोवणी म्हणजे धानाची लावणी. ते रागाने नव्हते म्हणाले, पुढे काय असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. तीन-चार दिवसांनी मामाजींचा ट्रक आमच्या गावाच्या रस्त्यावर उभा राहिला. त्यांनी माझी पेटी उचलून केबिनमध्ये ठेवली आणि बाबांना म्हणाले, "भाटोजी, नागपूरले तांदूळ जाऊनच राहिला, त्याच्यासंगं एक पोरगा गेला त डिझल जास्त लागत नाही." बाबा हसले. मी बी.एस्सी. झालो तो त्या हसण्यामुळे.

पुढची तीन वर्षं सुट्टीला येता-जाताना मी मामाजींच्याच केबिनमध्ये असायचो. त्यांचा एकच नियम होता. पुस्तक काढायचं आणि मोठ्याने वाचायचं. "मले झोप येत नाही अन् तुहा अभ्यास होते." ते सातवीपर्यंत शिकलेले, पण घर्षणाचा धडा वाचला की विचारायचे, "मंग हे सांग, पावसात टायर घसरते, त टायरच्या नाल्या कायले असतात?" मी पुस्तकात शोधायचो. पुस्तकात नसायचं. कॉलेजात गेल्यावर सरांना विचारायचो. सरांना वाटायचं, मुलगा हुशार आहे.

आता मी नागपूरला एका कंपनीत संगणकाच्या कामावर आहे. पगार बरा आहे, भाड्याची दोन खोल्यांची जागा आहे. मामाजींचं मात्र दोन वर्षांपूर्वी वाईट झालं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची खीळ ठोकताना लोखंडाची कपची उडाली आणि डाव्या डोळ्यात गेली. डोळा राहिला, नजर गेली. एका डोळ्यावर जड वाहन चालवायची परवानगी मिळाली नाही. मालक भला माणूस, त्याने गोदामात बसायचं काम देऊ केलं. मामाजी दोन दिवस गेले आणि परत आले.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो की ते अंगणात खाटेवर बसलेले दिसायचे, हायवेकडे पाठ करून. ट्रक गेला की मान वळवत नसत, फक्त म्हणायचे, "लोखंड हाये, वजन जास्त हाये," किंवा "रिकामा जाऊन राहिला." मामी चहा द्यायची आणि माझ्याकडे पाहायची. एकदा ती आत मला म्हणाली, "सायकलही चालवत नाही गा. हातात कायच धरत नाही."

मला एवढंच हवं होतं, की त्यांच्या हातात पुन्हा स्टिअरिंग यावं. ते कसं, हे माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी सुचलं. त्याच्याकडे खेळांसाठी बांधलेला मोठा संगणक होता. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, खाली क्लच, ब्रेक, अॅक्सिलेटर असे तीन पेडल, बाजूला गिअरचा दांडा. पडद्यावर ट्रकची केबिन. माल भरायचा, रस्त्याने न्यायचा, उतरवायचा. बस, एवढाच खेळ. तो म्हणाला, "बस ना, चालवून बघ." मी बसलो. एका वळणावर मला काय वाटलं कोण जाणे, मी डावा डोळा मिटला.

काहीच बदललं नाही. पडदा सपाट असतो. त्यावरचं लांब आणि जवळ दोन डोळ्यांनाही खरं दिसत नाही, अंदाजानेच कळतं. त्या पडद्यासमोर मामाजी आणि मी सारखे होतो. मी एक डोळा मिटूनच ट्रक गोदामापर्यंत नेला. सहकाऱ्याने विचारलं, "डोळ्यात काही गेलं का?" मी हो म्हणालो.

मग पैशाचा विचार आला. मी सव्वा लाख जमवले होते. स्टिअरिंग-पेडलच्या चांगल्या संचातच त्यातले बरेच जाणार होते. उरलेल्यात असा संगणक बांधायचा होता की चित्र कुठे अडकणार नाही. कारण चित्र अडकलं की डोकं गरगरतं, आणि मामाजी एकदा उठले की परत बसणार नाहीत, हे मला माहीत होतं.

असा संगणक तयार मिळतो, पण महाग पडतो. सुटे भाग निवडून बांधला तर त्याच पैशात बराच वरचा होतो. मी संध्याकाळी भागांची यादी करायला लागलो आणि आठवडाभरात भरकटलो. काचेची बाजू असलेला डबा, आत रंग बदलणारे दिवे, पाण्याने थंड होणारा प्रोसेसर. फोटो पाहून पाहून मला वाटायला लागलं की हे नसलं तर संगणक गरिबाचा दिसेल. यादी दीड लाखावर गेली, आणि दिवे ठेवायचे म्हणून मी चित्र काढणारं कार्डच लहान करून टाकलं.

तेव्हा मामाजींचीच एक गोष्ट आठवली. आपल्याकडे ट्रक पुष्कळदा नुसता सांगाडा म्हणून विकत घेतात. चेसिस, इंजिन, चाकं. केबिन आणि मागचा, माल भरायचा डाला मालक आपल्या पैशाप्रमाणे बांधून घेतो. मामाजींनी मालकांसाठी असे कितीतरी ट्रक उभे राहून बांधून घेतले होते. मी फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोललो.

"मामाजी, माझा एक मित्र ट्रक बांधून राहिला. पैसे मोजके हायेत. पहिले काय घ्यावं म्हणते."

 पलीकडे खाट करकरली. ते उठून बसले होते.

"मित्राले सांग, जे दिसत नाही ते पहिले घे. ब्रेक, पाटे, डिझलची टाकी. रंग आखरीले. रंगाले पैसे नाही उरले त गेरू मार म्हणा."

"तो त झालर, दिवे पाहून राहिला."

"मंग त्याले ट्रक नाही पायजे. त्याले नवरी पायजे."

मी यादी पुढे ओढली. डिझेलची टाकी म्हणजे वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय. त्याच्यावर मी सगळ्यात कमी पैसे लावले होते. मामाजींच्या गावी उन्हाळी धानाला पंप सुरू झाले की दिव्याची वात होते आणि पंप बंद झाले की बल्ब फुटतात. तिथे स्वस्त डबा लावला असता तर त्याने सोबत सगळे भाग नेले असते. मी पाण्याची नळी खोडली आणि पॉवर सप्लाय चांगला घेतला. सोबत बॅटरीही, वीज गेली तर पाच-दहा मिनिटं पुरेल अशी.

त्यानंतर दर रविवारी मामाजीच फोन करायला लागले. आधी "जेवला काय" आणि लगेच "तुह्या मित्राचं कुठवर आलं?" इंजिन केवढं घ्यावं, हे मी विचारलं. ते म्हणाले, "माल केवढा न्यायचा ते पाह्य. घाट चढायचा नसन त मोठं इंजिन कायले? डिझल पिऊन बसन." मी प्रोसेसर एक पायरी खाली घेतला, खरंच त्या खेळाला तेवढाच पुरत होता. पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून विचारलं, "आरसे कोणते घेतले?"

मी म्हणालो, "आरशाचं काय एवढं?"

"भाचेबुवा, मित्राले सांग, आरशात कंजूषी करू नोको. समोरचं त कोनीही पायते. डायवर मागचं पायते."

हे ऐकून मी यादी पुन्हा पुढे ओढली. कारण त्या खेळात आरसे संगणकाला सगळ्यात जड जातात. प्रत्येक आरशासाठी तोच रस्ता त्याला पुन्हा काढावा लागतो. त्यामुळे कमी पैशात संगणक बांधणारे सगळे हाच सल्ला देत होते, की आरसे बारीक करा किंवा बंद ठेवा, चित्र पळेल. मीही तसंच ठरवलं होतं. मी चित्राचा हिशोब केला होता, ट्रक चालवणाऱ्याचा केलाच नव्हता.

गोंदियाला एका ओळखीच्या दुकानात भाग घ्यायचे ठरवले होते. दुकानदार हिंदी बोलणारा, हसरा माणूस. मी त्याला म्हणालो, आधी माझ्या यादीसारखा कोणता संगणक जोडलेला असेल तर त्यावर हा खेळ सगळे आरसे चालू करून दाखवा. त्याने दाखवला. सरळ रस्त्यावर ठीक होतं. गावात शिरताच चित्र झटके द्यायला लागलं.

"मिरर लो कर दो भैया, मक्खन चलेगा," तो म्हणाला.

"मिरर नाही करायचे लो. कार्ड मोठं द्या."

"बजेट?"

"काचेचा डबा काढा. दिवे काढा. पडदा एक नंबर लहान करा."

त्याने कोपऱ्यातला एक साधा काळा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "ये लोगे? भैया, गेमिंग पीसी बना रहे हो कि ग्रामपंचायत का?"

मी म्हणालो, "हवा खेळते ना आत?"

"हवा तो बढ़िया खेलती है।"

"मग हाच."

त्याने मोठं कार्ड लावलं. आम्ही पुन्हा त्याच गावात ट्रक घातला. डावा आरसा, उजवा आरसा, वरचा गोल आरसा, सगळ्यात रस्ता मागे पळत होता आणि चित्र कुठेही अडकलं नाही. दुकानदाराने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "दो मिनट मुझे दो।" त्याने वीस मिनिटं चालवला. त्या दिवशी त्याच्याच टेबलावर, त्याच्याच देखरेखीखाली, मी माझ्या हातांनी सगळं जोडलं. पहिल्या वेळी सुरूच झालं नाही; मी मेमरीची पट्टी पूर्ण बसवलीच नव्हती. तो म्हणाला, "डर के मत दबाओ, टक बोलना चाहिए।" दुसऱ्या वेळी टक बोललं.

शनिवारी सकाळी मी सगळी खोकी घेऊन मामाजींच्या गावी पोचलो. मामाजी पाया पडले. मी खोकी उघडायला लागलो तसे ते जवळ येऊन उभे राहिले. टेबलाला स्टिअरिंग आवळलं, पेडल खाली ठेवले, पडदा लागला, पडद्यावर केबिन आली. ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "हा तुह्या मित्राचा ट्रक होय?"

"होय मामाजी."

"आरसे त चांगले घेतले," ते म्हणाले. पण बसले नाहीत.

तेवढ्यात मामी ताट घेऊन आली. नवी गाडी घरी आली की तिची पूजा होते. तिने स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं, वर फुलाची पाकळी ठेवली. मग नवी गाडी लिंबावरून न्यायची म्हणून तिच्या हातात लिंबं होती, आणि ती चाक शोधत होती.

"चाक कुठं हाये वो याचं?"

"चाक आतमंदी हाये, टीव्हीत," मामाजी म्हणाले. "टीव्हीत घाल लिंबू."

"मजाक नका करू." तिने विचार केला आणि तिन्ही पेडलखाली एकेक लिंबू ठेवलं. मला थांबवायला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बरोबरच वाटलं. आमच्या गावी आलेली प्रत्येक मोटारसायकल मी लिंबावरून जाताना पाहिली आहे.

"बसा आता," मामी म्हणाली. मामाजी बसले. बायकोचं मन आणि भाच्याचा मान, एवढ्यासाठीच बसले, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. परक्याच्या घरी सोफ्यावर बसावं तसे टोकावर. त्यांनी पेडल दाबले. तिन्ही लिंबं फुटली. ट्रक निघाला.

दोन-चार किलोमीटर सगळं नीट चाललं. परदेशातला रस्ता होता, गाड्या उजव्या बाजूने जात होत्या. "उलटा कायदा हाये गा यांचा," ते म्हणाले आणि तरी सांभाळून घेतलं. मग ट्रक आपोआप पळायला लागला. मामाजींनी पाय उचलला तरी पळतच होता. मग एकदम मेला. मग पुन्हा पळाला. शेवटी एका कठड्याला जाऊन लागला.

मी वाकून पाहिलं. अॅक्सिलेटरच्या फटीतून लिंबाचा रस आत गेला होता. सगळ्या यादीतली सगळ्यात महाग वस्तू, आणि तिला हात लावायची माझी हिंमत नव्हती. मामी ताट धरून तशीच उभी राहिली. "मीच केलं व्हय?" ती हळूच म्हणाली. मी म्हणालो, "नाही मामी, दुकानात नेऊ, होईल."

"दुकानात कायले?" मामाजी म्हणाले.

ते उठले आणि आतल्या खोलीतून पाना-पेचकसाची पत्र्याची पेटी घेऊन आले. दोन वर्षं ती पेटी पलंगाखाली होती. वर्तमानपत्र अंथरून त्यांनी पेडल उलटे केले. पहिला स्क्रू त्यांना सापडेना. पेचकसाचं टोक दर वेळी खाचेच्या अलीकडेच टेकायचं. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त डाव्या हाताचं बोट स्क्रूवर ठेवलं आणि बोटाच्या कडेने पेचकस खाली सोडला. तो बरोबर बसला. मग दुसरा. पाचव्या स्क्रूला तर ते वर बघून मामीशी बोलत होते.

आत एक छोटी चकती होती, तिच्यावर रस पसरला होता. मी सांगितलं की पेडल किती दाबला हे ती चकती संगणकाला कळवते. "म्हणजे टाकीतला फ्लोट हाये, डिझल किती ते काट्याले सांगते," ते म्हणाले, आणि मामीला म्हणाले, "ते डोळ्याचं स्पिरिट हाये काय घरात?" डोळ्याच्या दुखण्यात जखमेभोवती पुसायला आणलेली बाटली अजून फळीवर होती. कापूस बुडवून त्यांनी चकती पुसली, फुंकली, पेडल अंगणात उन्हात ठेवले आणि कावळा येऊ नये म्हणून जवळ बसून राहिले. मी पाहिलं, ते हायवेकडे तोंड करून बसले होते. पेडल सुकवायला ऊन तिकडेच होतं, हेही खरं.

दुपारी सगळं परत जोडलं. या वेळी ते खुर्चीत मागे रेलून बसले. गाडी सुरू करायच्या आधी म्हणाले, "आरसा कसा हलवतात यात?" मी दाखवलं. त्यांनी डावा आरसा स्वतःच्या मानेप्रमाणे आत घेतला, इतका की मला त्यात काहीच नीट दिसेना. त्यांना दिसत होतं. मग ते निघाले. एका गोदामापाशी ट्रक मागे घ्यायचा होता. जिथे मी ऑफिसच्या मित्राकडे चार वेळा भिंतीला लागलो होतो, तिथे त्यांनी एकदाच आरशात पाहून गाडी लावली.  इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसले.

मला वाटलं, झालं. पण रविवारी मी निघताना ते म्हणाले, "खोकी भरून घे."

"ते तुमच्यासाठी आहे मामाजी."

"भाच्याचं घेत नाही. पाप लागते."

"मग मी काय करू याचं?"

"गाडी तुही. तू आला का मी चालवीन. मी डायवर माणूस हावो." मग त्यांनी विचारलं, "कागद कोणाच्या नावाचे हायेत?"

बिल माझ्या नावाचं होतं. मी खोटं बोललो नाही.

"मंग? दुसऱ्याच्या कागदावर मालकाबिगर गाडी काढत नाही मी. पूर्ण जिंदगीत काढली नाही."

मी खोकी न्यायला नाही म्हणालो, ते गाडी घ्यायला नाही म्हणाले. संगणक तिथेच राहिला, वर मामीची जुनी साडी झाकून. तीन आठवडे गाडी निघाली नाही. मामी फोनवर सांगायची, "तुहे मामाजी रोज पुसते. साडी उचलते, पुसते, परत झाकते. कोन सांगन याले?"

तिसऱ्या आठवड्यात मामाजींनी बसने सुवासिक चिन्नोर तांदळाचं एक पोतं पाठवलं. नवीन धान आलं की भाच्याला तांदूळ जातो. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून कधी चुकलं नाही. मी पोतं खोलीत आणून ठेवलं, वास घरभर सुटला. मी त्याच्याकडे पाहत चहा प्यालो, आणि मग ऑफिसला न जाता पत्र लिहायला बसलो.

पत्र पोचल्यावर काय झालं ते आधीच सांगतो. मामाजींनी ते देवरीला नेऊन प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं. गाडीचे कागद केबिनमध्ये ठेवतात तसं ते पडद्याच्या मागे, खिळ्याला अडकवलेलं असतं. दुपारी जेवण झालं की ते साडी बाजूला करतात आणि गाडी काढतात. मामीची तक्रार आहे की घरात भोंगा वाजवतात. फोनवर आता ते मला माल कुठे उतरवला ते सांगतात. गावांची नावं त्यांना उच्चारता येत नाहीत, पण कोणत्या गावाला चढ आहे ते पाठ आहे. मागच्या महिन्यात मी गेलो तर हायवेवरून एक ट्रक गेला, आणि त्यांनी मान वळवून पाहिलं. "याचा डावा आरसा सैल हाये," म्हणाले.

पत्र हे असं होतं.

*

ती. मामाजींना भाच्याचा नमस्कार. तुम्ही पाया पडू देत नाही, म्हणून कागदावर पडतो.

तुम्ही कागद मागितले होते. हे गाडीचे कागद समजावे.

टाकी, म्हणजे वीज देणारा डबा: तुम्ही सांगितल्याप्रमाणे चांगल्यातला. वीज कमी-जास्त झाली तर तो सोसतो. गेली तर बॅटरीवर गाडी पाच-दहा मिनिटं चालते, तेवढ्यात बाजूला लावून घ्यावी.

इंजिन: मध्यम. मोठं कायले, हे तुम्हीच विचारलं होतं.

आरसे: सगळे चालू. त्यांच्यासाठी मोठं कार्ड बसवलं आहे. डाव्या आरशाला मी हात लावलेला नाही, तो तुमच्या मानेप्रमाणे आहे.

बॉडी: साधा काळा पत्रा. रंग नाही, झालर नाही, काच नाही. दुकानदार हसला होता.

पेडल: एकदा उघडून साफ केलेले, काम तुमच्या हातचं. पुढच्या वेळी लिंबू खुर्चीच्या पायाखाली ठेवावं, असं मामीला सांगणे.

माझा कोणताही मित्र ट्रक बांधत नव्हता. ते खोटं बोललो त्याची माफी मागतो. पण रविवारचे तुमचे फोन खरे होते. यातला प्रत्येक भाग तुम्ही निवडला आहे. मी फक्त दुकानात गेलो आणि पेच आवळले. बॉडी बांधणारा मिस्त्री ट्रकचा मालक होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

भाच्याचं घेऊ नये, हे मला मान्य आहे. म्हणून देत नाही, विकतो.

विकणार: तुमचा भाचा. घेणार: मामाजी. किंमत: चिन्नोर तांदूळ, एक पोतं. किंमत बसने पोचली, पूर्ण मिळाली, तांदूळ चांगला आहे. आता भाच्याचा या गाडीवर काही हक्क राहिला नाही. मी आलो तर तुमच्या परवानगीने शेजारी बसेन आणि पुस्तक वाचेन, मोठ्याने.

गाडी उभी ठेवू नये. उभ्या गाडीचे टायर खराब होतात, हे तुमचंच सांगणं आहे.

मालकांना नमस्कार.

तुमचा भाचा